कॅट बदलण्याआधी प्रेशर मोजा

संपादक महोदय,

पेट्रोल गाडी सिग्नलला थरथरते, कसारा घाटात पिकअप देत नाही, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावला आणि ‘पी ०४२०’ कोड दिसला की नाशिकमधल्या अनेक गॅरेजांत तिथेच निकाल लागतो. कॅट, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गेला, नवा टाका. परवडत नसेल तर त्यातली जाळी फोडून नळी मोकळी करून देतो. पहिला सल्ला घाईचा आहे आणि दुसरा शहराच्या हवेत विष सोडणारा.

हा कोड एवढेच सांगतो की कन्व्हर्टर धूर पुरेसा शुद्ध करत नाही. गाडी मिसिंग का मारते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट का पेटत नाही, हे त्यातून कळत नाही. अनेकदा क्रम उलटा असतो: आधी मिसिंग, मग कॅट. ठिणगी पाडणारी कॉइल किंवा प्लग कमजोर होतो, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी वितळते. मूळ दोष तसाच ठेवून नवा कॅट बसवला तर तोही असाच जातो. दिवा लुकलुकत असेल तर गाडी रेटू नये. जाळी त्याच वेळी भाजत असते.

म्हणून आधी मिसिंग काढावे. ‘पी ०३०२’ कोड म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचे मिसिंग. त्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. कोड ०३०३ झाला तर कॉइल खराब. नाही झाला तर प्लग बदलून पाहा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. प्लगचे टोक तेलकट ओले असेल तर इंजिन ऑइल खाते, आणि त्या ऑइलची राख जाळीवरही बसते.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गास्केटमधून हवा ओढली जात असेल तर ऑक्सिजन सेन्सर खोटे बोलतो, तेही बघावे. कन्व्हर्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, साधा सेन्सर असलेल्या गाडीत त्याचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ असे सतत खालीवर होते. कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचे, इंजिन तापल्यावर, ०.६-०.७ च्या आसपास स्थिर राहायला हवे. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला तर कन्व्हर्टर खरोखर संपला.

चोकअपची, म्हणजे जाळी बुजल्याची, खात्री मात्र स्कॅनरवर होत नाही, आणि नेमकी हीच तपासणी टाळली जाते. इंजिन गार असताना २२ एमएमच्या पान्याने पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढायचा, त्या आट्यांत अॅडॉप्टर लावून प्रेशर गेज बसवायचा. आयडलला (रेस न देता) साधारण सव्वा पीएसआयच्या (दाबाचे एकक) आत, २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत काटा राहिला तर वाट मोकळी आहे. रेस धरून ठेवली की काटा चढतच गेला तर जाळी बुजली. गेज नसेल तर गार कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलके ठोकावे. आत खडखड वाजले तर जाळी फुटलेली आहे. न वाजल्याने मात्र ती शाबूत ठरत नाही.

गॅरेजवाल्यांनी प्रेशरचे हे दोन आकडे बिलावर लिहून द्यावेत आणि ग्राहकांनी ते मागावेत, अशी विनंती आहे. कॅट बदलावाच लागला तर जुना परत मागून घ्या. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियममुळे भंगारातही त्याला चांगला भाव येतो.

– एक वाहन तंत्रज्ञ, सातपूर, नाशिक