कृपा आधी, आज्ञा नंतर

संपादक महोदय,

आपल्या दैनिकात ख्रिस्ती धर्मावर नुकताच आलेला लेख वाचला. हेतू चांगला, भाषाही सोपी. पण पायाच चुकला आहे. ‘जुना करार नियमशास्त्राचा, नवा करार कृपेचा, ख्रिस्त आला आणि नियमशास्त्र रद्द झाले’ हे त्यातले सूत्र मुंबईत चर्चच्या आवारातही सर्रास ऐकू येते. त्यामुळे सगळा दोष लेखकाच्या माथी मारता येत नाही. तरी चूक ती चूकच. जुना आणि नवा करार हे बायबलचे दोन भाग; नियमशास्त्र म्हणजे मोशेमार्फत इस्राएलाला मिळालेल्या आज्ञा, कृपा म्हणजे न कमावता मिळालेली देवाची दया.

दहा आज्ञा जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहेत. ‘माझ्याशिवाय दुसरे देव नकोत’ हे तिसऱ्या वचनात येते. त्याच्या आधीचे वचन लोक सोडून देतात. त्यात देव सांगतो की, मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून तुला मी बाहेर काढले आहे. तांबडा समुद्र चौदाव्या अध्यायातच ओलांडून झाला होता. म्हणजे इस्राएलाने आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली असे नाही. सुटका झाली आणि मग आज्ञा मिळाल्या. नव्या करारातल्या गलतीकरांच्या पत्रात प्रेषित पौलाचा मुद्दाही क्रमाचाच आहे. इस्राएलाचा पूर्वज अब्राहाम याला वचन आधी मिळाले, नियमशास्त्र ४३० वर्षांनी आले. मागून आलेले आधीचे वचन मोडीत काढू शकत नाही.

नियमशास्त्राच्या आत कृपा कशी बसलेली आहे हे पाहायचे तर जुन्या करारातल्याच लेवीय या पुस्तकाचा पाचवा अध्याय उघडावा. साक्ष दडवली, उतावळेपणाने शपथ घेतली, अशा दोषांसाठी पापार्पण सांगितले आहे : कळपातली एक मेंढी किंवा बकरी. ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले. एक पापार्पणासाठी, एक होमासाठी. तेवढीही ऐपत नसेल तर एफा या मापाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटर मापाचे पीठ. त्यात तेल घालायचे नाही, धूपही ठेवायचा नाही, कारण ते पापार्पण आहे. याजकाने (पुरोहिताने) त्यातले मूठभर वेदीवर जाळायचे, उरलेले त्याचे. पक्ष्यांचा नियम संपतो तिथे आणि पिठाचा नियम संपतो तिथे निकाल एकच आहे : त्याला क्षमा होईल. गरिबाची क्षमा पाव हिश्श्याची नाही. बाळंतिणीच्या शुद्धीसाठी बाराव्या अध्यायात अशीच सवलत आहे, आणि येशूचे चरित्र लिहिणारा लूक सांगतो की मरियेने येशूच्या वेळी पक्ष्यांचीच जोडी अर्पण केली. कोकरू परवडणारे ते घर नव्हते. अशा ग्रंथाला ‘कठोर नियमांची जंत्री’ म्हणायचे असेल तर आधी तो वाचावा, एवढीच विनंती.

लेखकाने योहानाच्या शुभवर्तमानातले वचन (योहान १:१७) पुढे केले आहे : नियमशास्त्र मोशेच्या द्वारे, कृपा व सत्य ख्रिस्ताच्या द्वारे. मूळ ग्रीक वाक्यात ‘पण’ नाही, आणि त्याआधीच्याच वचनात कृपेवर कृपा मिळाल्याचे म्हटले आहे. दोन करारांना एकमेकांचे वैरी ठरवण्याचा उद्योग जुना आहे. मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने तो रोममध्ये केला आणि इ.स. १४४च्या सुमारास मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, त्याला बाहेर काढले. जुना करार टाकल्यावर त्याला नवाही आहे तसा ठेवता आला नाही. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकट्या लूकचे त्याने ठेवले, तेही कापून.

मग नियमशास्त्रातले संपले काय? यरुशलेमेत इ.स. ४९च्या आसपास प्रेषितांची बैठक झाली, तीत परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, सुंतेची सक्ती करायची नाही असे ठरले. चार गोष्टी मात्र वर्ज्य सांगितल्या : मूर्तींना वाहिलेले, रक्त, गुदमरून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म. पुढे तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्विनास याने नियमशास्त्राचे नैतिक, विधिविषयक आणि न्यायविषयक असे तीन भाग पाडले. १६४६च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रातही (प्रोटेस्टंटांच्या एका जुन्या जाहीरनाम्यात) तीच विभागणी आहे. विधी ख्रिस्तात पूर्ण झाले, इस्राएल राष्ट्राचे कायदे त्या राष्ट्राबरोबर संपले, नैतिक भाग कायम. विभागणी उपयोगी आहे, पण पवित्र शास्त्रात अशी खाती पाडून ठेवलेली नाहीत. लेवीय १९ मध्येच शेजाऱ्यावर प्रीती कर असे आहे, मजुराची मजुरी रात्रभर अडवू नको असेही आहे, आणि दोन धाग्यांचे वस्त्र घालू नको असेही. यातला मजुरीचा नियम नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात पुन्हा येतो. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी तिथे ओरडते आहे. नाक्यावरून आणलेल्या गवंड्याचे पैसे ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत लटकवायचे आणि रविवारी आपण कृपेखाली आहोत असे गायचे, हे याकोबापुढे चालले नसते.

याच याकोबाला लेखात पौलाच्या विरोधात उभे केले आहे : पौल विश्वासाचा, याकोब कर्मांचा. दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात, पण पौलाचा रोख उत्पत्ती या पुस्तकाच्या १५व्या अध्यायावर आहे : देवापुढे माणूस नीतिमान कशाने ठरतो? याकोब त्या वचनाबरोबर उत्पत्ती २२ घेतो, अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्या अर्पणाचा प्रसंग : तो विश्वास जिवंत आहे हे कशावरून? प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरे वेगळी. पौलाच्या इफिसकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली ८ आणि ९ ही वचने संडे स्कूलच्या मुलांनाही पाठ असतात, कृपेनेच तारण, कर्मांनी नव्हे. दहाव्या वचनाशी येऊन पाठांतर थांबते. त्यात सत्कृत्ये आहेत. तारणाची किंमत म्हणून नव्हे, तारलेल्यांनी चालायची वाट म्हणून.

प्रोटेस्टंट चळवळीचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याचेही तेच. नियम पाप दाखवतो आणि सुवार्ता क्षमा देते हा भेद त्याचा खरा. पण त्याच्या लेखी दोन्ही गोष्टी दोन्ही करारांत आहेत. मंडळीत नियम शिकवूच नये असे त्याचाच सहकारी अग्रिकोला म्हणू लागला, तेव्हा १५३७पासून ल्यूथर त्याच्याशी जाहीर वाद घालत राहिला. त्याच्या १५२९च्या ‘लहान प्रश्नोत्तरी’ या धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेची सुरुवातच दहा आज्ञांनी होते.

‘कॅथलिक कर्मावर, प्रोटेस्टंट विश्वासावर’ हे लेखातले वाक्य तर काढूनच टाकायला हवे होते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्येच म्हटले आहे की, नीतिमान ठरण्याआधीचा विश्वास असो वा कर्म, कशानेही ती कृपा कमावता येत नाही. वाद मिटले असे नाही, पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळींनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आहेत. कॅथलिकांच्या पापनिवेदनाचा (कन्फेशनचा) क्रमही बघा : पश्चात्ताप, निवेदन, धर्मगुरूने प्रायश्चित्त सांगणे, क्षमेचे शब्द, सांगितलेल्या प्रार्थना माणूस म्हणतो त्या नंतर. प्रार्थनांच्या मोबदल्यात क्षमा मिळत असती तर क्रम उलटा असता. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हात-पाय वाहणारे सगळेच हे जाणतात असे नाही, पण भाविकांचा नवस ही चर्चची शिकवण नव्हे.

शेवटी एक दुरुस्ती. लेखात व्यभिचाराविरुद्धची आज्ञा ‘सातवी’ म्हटली आहे. मुंबईतल्या प्रोटेस्टंट वाचकाला ते बरोबर वाटेल, कॅथलिकाला चूक. इतर देव नकोत आणि मूर्ती करू नको या आज्ञा कॅथलिक व ल्यूथरन एकत्र मोजतात आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात. म्हणून त्यांच्याकडे ती सहावी, सातवी चोरीची. यापुढे क्रमांकाऐवजी आज्ञेचे शब्दच छापावेत.

आपला,
एक वाचक, भायखळा, मुंबई