शेळी गाभडली तर मांजराचंही विचारा

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

संगमनेर तालुक्यात माझा लहानसा गोठा आहे. दोन संकरित गाई, अकरा शेळ्या. आणि एक मांजर, जिच्या कानात तुमच्या खात्याचा बिल्ला नाही. दिवाळीत ती वैरणीच्या खोलीत सोयाबीनच्या भुसकटावर व्याली. पिल्लं तिथेच वाढली, तिथेच उंदीर धरायला शिकली आणि तिथेच उकरून घाण करू लागली. त्याच ढिगातली पाटी भरून आम्ही गव्हाणीत टाकत होतो.

माघात पंधरा दिवसांत तीन शेळ्या गाभडल्या. एकीला दोन करडं होती. एक अंगानं पुरं पण मेलेलं, दुसरं वाळक्या खारकेसारखं. वारेवर जी लाल बटणं असतात, त्यांवर बाजरीच्या कण्यांएवढे पांढरे ठिपके होते. ते मी दवाखान्यात सांगितलं. रक्त घेतलं, ब्रुसेला (जनावरं गाभडवणारा एक जिवाणूचा रोग) नाही असं कळलं, आणि विषय संपला.

असे ठिपके टोक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे पडतात, हे मला नंतर कळलं. शेळ्या-मेंढ्या गाभडण्याच्या जगभरच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. माझ्या शेळ्या त्यानेच गाभडल्या असं मी म्हणत नाही. कुणी पाहिलंच नाही, एवढंच म्हणते.

या परजीवीची अंडी फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या विष्ठेतून बाहेर पडतात. 1970 च्या सुमारास हे शोधून काढणाऱ्यांमध्ये जे. पी. दुबे हे आपल्याच देशात जन्मलेले पशुवैद्य होते. म्हणजे ही माहिती पन्नास वर्षांहून जुनी आहे, फक्त आमच्या गोठ्यापर्यंत आलेली नाही. कोवळं मांजर पहिल्यांदा बाधित उंदीर खातं आणि मग आठवडा-दोन आठवडे लाखोंनी अंडी टाकतं. नंतर बहुधा आयुष्यभर टाकत नाही. पण मातीत पडलेली अंडी वर्षभरही टिकतात आणि फिनेलला दाद देत नाहीत. उकळतं पाणी मात्र त्यांना मारतं.

आमची फसगत झाली ती गाईंमुळे. त्यांनी तेच भुसकट खाल्लं आणि त्यांना काहीच झालं नाही. म्हणून वैरणीत दोष नाही असं आम्ही धरून चाललो. गाय या परजीवीला बऱ्यापैकी पुरून उरते, शेळी उरत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर खोलीला दार तेव्हाच बसवलं असतं.

आता घरातलं सांगते. अडलेलं करडू माझ्या धाकट्या जावेनं ओढून काढलं, उघड्या हातांनी. तिला तेव्हा तिसरा महिना होता. डॉक्टरांनी तिची टॉर्च तपासणी, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधणाऱ्या टोक्सोप्लाझ्मासारख्या संसर्गांची रक्ततपासणी, केली आणि विचारलं, घरात मांजर आहे का? असेल तर सोडून या. शेळी गाभडली का, हे त्यांनी विचारलं नाही. शेळीच्या डॉक्टरांनी घरात गरोदर बाई आहे का, हे विचारलं नव्हतं. दोन्ही दवाखान्यांच्या मध्ये फक्त एक रस्ता आहे, महोदय. तिचा रिपोर्ट चांगला आला, हे आमचं नशीब.

मेलेली करडं आणि वार आम्ही उकिरड्यावर टाकली होती, सगळं गाव टाकतं तशीच. संध्याकाळी मांजर तिथे खात बसलेली दिसली. म्हणजे जे चक्र तोडायचं, त्याला आम्हीच वंगण घातलं.

मांजर मी सोडून दिलेली नाही. ती गेली तर उंदीर माजतील आणि चार दिवसांत दुसरी येईल. तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून एक दिवस मांजरांच्या नसबंदीसाठी ठेवा. दरवर्षी नवी पिल्लं झाली नाहीत तर निम्मं काम होतं. खरा धोका पिल्लांचा असतो.

ब्रुसेलासाठी 2019 पासून केंद्राचा 13,343 कोटींचा कार्यक्रम झाला, लाळ्या खुरकुतासकट. तो हवाच होता. पण ब्रुसेला नाही म्हटल्यावर कागद मिटायचा, ही सवय मोडा. गाभडलेल्या जनावराच्या नमुन्यावर टोक्सोप्लाझ्माची तपासणीही लिहा, निदान शेळ्या-मेंढ्यांसाठी. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, तिथपर्यंत नमुना जाण्याची सोय करा. आणि अर्जावर एक ओळ वाढवा : घरात गरोदर स्त्री आहे का? उत्तर हो आलं तर प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन जावा. डेंग्यूच्या दिवसांत लोक शेळीचं कच्चं दूध मागायला दारात येतात; त्यातूनही हा परजीवी जाऊ शकतो, म्हणून त्यांनाही उकळून प्या म्हणून सांगणारं कुणीतरी हवं. मी सांगते तर औषधी गुण जातो म्हणतात.

माझ्या चार शेळ्या पुन्हा गाभण आहेत, श्रावणात वितील. त्यातली एखादी गाभडली तर वार कशात घालून, किती तासांत, कुणाकडे आणून द्यायची, एवढं तरी आमच्या दवाखान्याच्या फळ्यावर लिहायला सांगा.

आपली,
संगमनेर तालुक्यातली एक शेळीपालक