त्या फोरमनचे आभार

बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला, तोही तेरा तारखेच्या, अशुभ मानल्या जाणाऱ्या शुक्रवारी! चौघांची नावं सगळ्यांना पाठ. माझे आभार मात्र कारखान्यातल्या त्या फोरमनला. बँडच्या गिटारिस्टच्या, टोनी आयोमीच्या, दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली, गिटार संपलीच असं धरून तो बसला होता. तेव्हा या भल्या माणसाने त्याला जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोची तर डाव्या हाताची दोनच बोटं धड होती. मग टोनीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, बँजोच्या हलक्या तारा चढवल्या. अल्बमचं रेकॉर्डिंग काय, एका दिवसात उरकलं. पाऊस आणि चर्चची घंटा मागाहून जोडणाऱ्यांनो, तुमचेही आभार. हेडफोन लावला की अजून काटा येतो.