दशमांश आणि गोळी

पुणे

ती. आई आणि पप्पा,

प्रभूच्या नावाने सलाम.

नाताळात घरी आले तेव्हा ऑक्टोबरात आणलेल्या गोळ्या अजून संपल्या नव्हत्या. पप्पा, मी नर्स आहे, हिशेब लगेच कळला. बीपीची गोळी तुम्ही दिवसाआड घेताय. आईला विचारलं तर ती आधी गप्पच बसली. मग म्हणाली, "दशमांश चुकायला नको म्हणतात."

कारखान्याच्या पेन्शनीतून तुम्ही दहावा भाग काढता हे माहीत होतं. पण औषधासाठी मी पाठवते त्या आठ हजारांतलेही आठशे चर्चच्या पाकिटात जातात, हे त्या दिवशी कळलं. समोर बसून बोलायला जीभ उचलली नाही, म्हणून हे पत्र.

दशमांश देऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. द्यायला तुम्हीच शिकवलंत. हंगाम सणाला आई बाजरीची कणसं आणि गावरान अंडी टोपलीत घेऊन यायची. उपासना झाली की लिलाव, आणि त्यात आपल्याच घरची अंडी तुम्ही दुप्पट बोली लावून परत घ्यायचात. दुष्काळाच्या साली टोपलीत नुसत्या शेवग्याच्या शेंगा होत्या, तरी टोपली गेली. तेव्हा वाटायचं, आपण देवाचं देणं फेडतोय. आता वाटतं, सगळं त्याचंच आहे हे आपल्या हातांना कळावं म्हणून तो दहावा भाग आहे. डोक्याला कळून भागत नाही, मूठ सुटावी लागते. मीही पगार झाला की पहिल्यांदा तेच पैसे बाजूला काढते, आणि ते काढताना मला तुमची आठवण येते.

बायबलातलं मलाखी ३:१० हे वचन तुम्हाला पाठ आहे. दशमांश दिला की आशीर्वादासाठी आकाशकपाटं उघडतील हे सगळे सांगतात. पण त्याच वचनात दशमांश आणायचा तो देवाच्या घरात अन्न असावं म्हणून. ते अन्न कुणासाठी, हे बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात सापडतं. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश आपल्याच गावात साठवायचा आणि लेवी म्हणजे मंदिराची सेवा करणारे, उपरा, अनाथ, विधवा यांनी येऊन पोटभर खायचं. त्याच अध्यायात, देणाऱ्याने घरच्यांसोबत परमेश्वरासमोर बसून तो खावा आणि आनंद करावा असंही आहे. पप्पा, त्या जेवणात कुणी आपलं औषध सोडून बसलेलं मला दिसत नाही.

आणि मार्क ७ पुन्हा एकदा वाचाल? आईबापांना ज्याने आधार व्हायचा ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून जे हात झटकतात, त्यांना येशू म्हणतो की तुम्ही देवाचं वचन रद्द करता. मी पाठवलेले पैसे म्हणजे आईबापांचा मान राखण्याचं माझं कर्तव्य आहे. त्यांचा दशमांश पगारातून आधीच निघालेला असतो. उरलेलं तुमच्या गोळ्यांचं आहे.

तुम्ही मार्क १२ मधल्या गरीब विधवेचं उदाहरण द्याल, जिने जवळ होत्या त्या दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, दानपेटीत टाकली. मीही त्यावर खूप विचार केला. येशूने तिचं मन पाहिलं, हे खरंच. पण त्याच अध्यायात, तिच्या थोडं आधीच, विधवांची घरं गिळणाऱ्यांवर तो किती संतापलाय! तिने घरात काही न ठेवता जावं ही त्याची इच्छा होती, असं मला त्यातून वाचता येत नाही. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौल पत्रात लिहितो तेही असंच, जवळ असेल त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नाही.

मागच्या वर्षी सभेत कुणी सांगितलं की दशमांश चुकला की घरात आजार येतो. ते तुमच्या मनात घर करून बसलंय, हे आईने सांगितलं. पप्पा, बीपी आजोबांनाही होतं, आणि त्यांचा दशमांश कधी चुकला नाही. वॉर्डात मी गोळी सोडलेली माणसं रोज बघते. एका बाजूचा हात उचलत नाही, बोलणं कळत नाही, आणि घरचे म्हणतात, चार दिवसच तर घेतली नव्हती.

आई, तू त्यांच्या शेजारी बसून हे मोठ्याने वाच. पेन्शनीतलं पाकीट तसंच चालू दे, पण माझ्या पैशांना हात लावू देऊ नकोस. पुढच्या महिन्यात येते तेव्हा पट्ट्या मोजीन. कोंबड्या अंडी देत असतील तर यंदाची टोपली आपण दोघी मिळून भरू.

तुमची,
लेक