संत्यास पत्र: मुक्ताचा फॉर्म

नॅशविल, मार्च

प्रिय संत्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. तू चिडला असशील, चीड. पण हे पत्र पूर्ण वाच आणि मग शिव्या दे, कारण यातलं काही मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. तब्येत ठीक आहे. साखर थोडी वर, गुडघा तसाच. मंजिरी बरी. झालं.

मुक्ता आता लेट मॉडेल चालवणार म्हणते, म्हणजे मोठ्या ट्रॅकवरची शर्यतीची गाडी.

तुला लहान गाड्यांचं माहीत आहे, फोटो पाठवले होते. त्या लेजंड्स गाड्या, जुन्या काळच्या मोटारींच्या छोट्या नकला, आत यामाहाच्या मोटरसायकलचं इंजिन. तेव्हा तू लिहिलं होतंस की तुझ्या आरएक्स १०० चं इंजिन पाठवतो, तेवढाच वेग येईल. लेका, तुझी आरएक्स मंचरचा चढ चढताना आपल्याला उतरून ढकलावी लागायची. मागच्या तीन मोसमांत मुक्ता आतल्या पाव मैलाच्या छोट्या ट्रॅकवर त्या गाडीत पळाली. ठोकली, वाकवली, पुन्हा सरळ केली, आणि मला त्याची सवय झाली. आता प्रश्न बाहेरच्या मोठ्या ट्रॅकचा आहे.

हा ट्रॅक म्हणजे टेनेसीच्या राज्य जत्रेच्या मैदानातला. तिथे १९०४ पासून मोटारी पळतात, आधी मातीवर. १९५८ मध्ये डांबरीकरण झालं आणि तेव्हापासून १९८४ पर्यंत नासकारची, म्हणजे इथल्या मोटार शर्यती भरवणाऱ्या मोठ्या संस्थेची, सगळ्यात वरची मालिका इथे यायची. १९७० मध्ये वळणं ३५ अंशांनी तिरकी केली होती. गाड्या भिंतीवर चढल्यासारख्या पळायच्या, टायर टिकेनात, मग काही वर्षांतच ती १८ अंशांवर आणली. एक फेरा ०.५९६ मैल, म्हणजे किलोमीटरला थोडा कमी. लेट मॉडेल तो एकोणीस सेकंदांच्या आसपास काढते. हिशोब तू कर, ताशी १८० च्या घरात जातो, आणि सरळ रस्त्यावर त्याहून पुष्कळ जास्त. बाहेरच्या बाजूला काँक्रीटची भिंत.

गंमत बघ, जत्रा तिथे राहिलीच नाही. २०२१ पासून राज्याची जत्रा लेबनन गावात भरते. आपल्याकडे देव आहे म्हणून यात्रा आणि यात्रा आहे म्हणून बैलगाडे पळवायचा घाट. इथे जत्रा उठून गेली आणि घाट मागे राहिला. त्याच्याशेजारी आता तीस हजार माणसांचं फुटबॉलचं स्टेडियम उभं आहे, आणि आसपास नव्या घरांत राहायला आलेले लोक आवाजाची तक्रार करतात. ट्रॅक पाडायचंच घाटत होतं, तर २०११ मध्ये लोकांनी मतदान करून अडवलं, सत्तर टक्क्यांहून जास्त मतं पडली. आता पाडायचा तर नगर परिषदेच्या चाळीसपैकी सत्तावीस जणांनी हात वर करायला हवेत. २०२३ मध्ये नूतनीकरणाची मोठी योजना आली, ती परिषदेत मंजूर झाली नाही. मुक्ताला हे सगळं तोंडपाठ. ती म्हणते, "बाबा, हा ट्रॅक किती वर्षं राहील कुणी सांगावं? मी कॉलेज संपवून येईन आणि इथे फ्लॅट असतील." याला मी काय उत्तर देऊ? तुझी घोडी राणी सात वर्षं गोठ्यात बांधून होती ते मी पाहिलंय.

हो, राणीचा विषय मी काढला. काढणारच होतो. मे २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर सुप्रीम कोर्टाची बंदी आली तेव्हा मी फोनवर म्हणालो होतो की कोर्ट बरोबर आहे, आणि तू कित्येक महिने बोलला नाहीस. टोचणी लावून बैल पळवणं मला तेव्हा पटत नव्हतं, आजही पटत नाही, त्यावर पुन्हा चार पानं लिहून पाठवू नकोस. पण डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली त्या रात्री तू मला फोन केलास, बोलला काहीच नाहीस, नुसती मागची हलगी ऐकवलीस. मी इथे कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो होतो. ते तुला आज सांगतोय.

आता गाडीचं सांगतो. शेजारचा म्हातारा आणि त्याचे दोन्ही मुलगे याच ट्रॅकवर वाढलेले. त्यांची एक जुनी प्रो लेट मॉडेल मोकळी आहे, ती मुक्ताला देतायत. सांगाडा नळ्यांचा, वरचं अंग फायबरचं, दिसायला मोटारीसारखी पण दार उघडत नाही, खिडकीतून आत शिरायचं. इंजिन कारखान्यातूनच सीलबंद येतं, चारशे हॉर्सपॉवरचं. बोल्टवर सील असतं, तोडलं तर बाद. पैसेवाल्याने इंजिनावर पैसा ओतून जिंकू नये म्हणून हा नियम, आणि मला तो फार आवडतो. गाडी फक्त डावीकडे वळते, म्हणून सगळी जुळणी डावीकडे झुकलेली. निम्म्याहून बरंच जास्त वजन डाव्या चाकांवर. मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा घेराने मोठं. तुला एका वाक्यात कळेल: खळ्यात मळणीला बाहेरच्या बैलाला जास्त चालावं लागतं, तसं.

गेल्या महिन्यात संध्याकाळी मी त्यांच्या शेडमध्ये गेलो तर मुक्ता जमिनीवर बसून टायरच्या घेराला टेप लावत होती. हवा भरायची, टेप लावायची, खडूने टायरवरच आकडा लिहायचा, थोडी हवा सोडायची, परत टेप. पाऊण तास हेच. घरी तिला ताट उचलून ठेव म्हटलं तर तीन हाका माराव्या लागतात. तिथे म्हातारा एक शब्द बोलत नव्हता आणि ती आपली आपण मापं घेत होती, नखांत काळं, केसांवर खडू. मला तू दिसलास रे. घाटाच्या आदल्या रात्री राणीचे खूर तपासणारा, कंदील धरायला मला बसवणारा.

मग सरावाचा दिवस. मी पिटच्या भिंतीशी कानाला हेडफोन लावून उभा. पहिले फेरे हळू, मग वेग वाढवला. आवाज छातीत बसतो, माहितीये तुला, फक्त इथे तो थांबत नाही, दर एकोणीस-वीस सेकंदांनी परत येतो. आणि चौथ्या वळणातून बाहेर पडताना गाडीचं मागचं अंग सुटलं. याला इथे 'लूज' म्हणतात. नाक आत, शेपूट भिंतीकडे. तिने चाक उजवीकडे मारलं, पाय पूर्ण काढला नाही, गाडी एकदा हलली, दोनदा हलली आणि सरळ झाली. भिंत हातभर राहिली असेल. मी श्वास घ्यायच्या आत हेडफोनमध्ये तिचा आवाज: "बाहेर पडताना सुटतेय. मागचं उजवं बघायला हवं." बस. आवाजात काही नव्हतं, ना भीती, ना फुशारकी. म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, हे शिकवता येत नाही. मी मान हलवली. माझे पाय माझे नव्हते.

आता फॉर्म. अठराच्या आतल्या ड्रायव्हरसाठी आई-बाप दोघांच्या सह्या लागतात. पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की यात गंभीर इजा किंवा मृत्यू होऊ शकतो आणि ते आम्हाला मान्य आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलाय. मंजिरी त्याच्यावर भाजीची पिशवी ठेवते, मुक्ता पिशवी उचलून बाजूला ठेवते. भांडण नाही, आवाज नाही, नुसती पिशवी इकडची तिकडे.

मंजिरी काय काम करते ते तुला ठाऊक आहे. अपघातात डोक्याला मार लागलेल्या पोरांना ती परत चमचा धरायला शिकवते. ती म्हणाली, "तू सही कर, तुला करायचीच आहे. माझी मागू नकोस." मी तिला सुरक्षेचं सांगायला लागलो. २००१ मध्ये डेटोनाला डेल अर्नहार्ट गेला, कवटीच्या तळाशी फ्रॅक्चर, आणि त्याच वर्षी नासकारने डोकं-मान धरणारं साधन सक्तीचं केलं, हॅन्स हे त्यातलंच. हेल्मेटला दोन्ही बाजूंनी पट्टे, धडक बसली तरी डोकं पुढे फेकलं जात नाही. मुक्ताचं मी स्वतः घालून बघितलंय, पट्टे ओढून बघितलेत. मंजिरीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "आणि ॲडम पेटी?" मी गप्प. रिचर्ड पेटीचा नातू, काइलचा मुलगा. मे २००० मध्ये न्यू हॅम्पशरला सरावात भिंतीवर गेला, एकोणीस वर्षांचा. त्या बापाने पुढे आजारी मुलांसाठी मोठा कॅम्प उभारला. मंजिरीने हे सगळं वाचलंय संत्या, माझ्याआधी. ती घाबरट नाही, ती अभ्यास करून घाबरलीये, आणि अशा माणसाशी वाद घालता येत नाही.

मुक्ताच्या भिंतीवर जोहाना लाँगचा फोटो आहे, २०१० ची स्नोबॉल डर्बी जिंकली तेव्हाचा. लेट मॉडेलवाल्यांची ती सगळ्यात मानाची शर्यत. तेव्हा जोहाना अठरा वर्षांची होती. मुक्ता सोळाची आहे. फोटोखाली तिने स्वतःच्या अठराव्या वाढदिवसाची तारीख लिहून ठेवलीये.

आता खरं ते लिहितो, ज्यासाठी हे पत्र आहे.

तू चौदाव्या वर्षी बैलगाड्याच्या पुढे पळणाऱ्या घोडीवर बसलास. आबांनी कुणाला विचारलं नाही, फॉर्म नव्हता, हेल्मेट नव्हतं. डोक्याला फेटा आणि कपाळाला भंडारा. तुझ्यामागे चार बैल आणि पुढे चढ. त्या वर्षी मलाही बसायचं होतं. नाना थोरातांची घोडी मोकळी होती, मी तीन पहाटे गुपचूप सराव केला होता, आणि ते फक्त तुला माहीत आहे. अण्णांना कळलं. ते मला काही बोलले नाहीत, घाटाच्या दिवशी सकाळी शाळेच्या ऑफिसात बसवून रजिस्टरं उतरवायला लावली. तुझी बारी मी खिडकीतून ऐकली. झाली... आणि मग गावाचा तो भिर्रर्रचा आवाज. साडेबारा सेकंद, फळीफोड! तू संध्याकाळी गुलालात माखून आलास आणि मी तुझ्याशी धड बोललो नाही. तू त्याला आजवर "मास्तरांच्या पोराचा माज" म्हणतोस. माज नव्हता रे.

तर सांग. ही सही मी मुक्तासाठी करणार आहे की त्या रजिस्टरांसाठी? ती वळणातून सरळ झाली तेव्हा माझे पाय गेले, पण मनात कुठेतरी खोल असंही आलं की अण्णा, हे बघा. सोळा वर्षांच्या पोरीचा जीव भिंतीपासून हातभर असताना बापाच्या मनात हे यावं? आणि समजा मी सही केली नाही, तर ती कुठल्या खिडकीतून आवाज ऐकेल आणि किती वर्षं? दोन्ही बाजू मला स्वच्छ दिसतात आणि हात पेनाकडे जातो तेव्हा कुठल्या बाजूने जातो ते कळत नाही. हे मंजिरीला सांगितलं तर ती म्हणेल, मग करू नकोस. म्हाताऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, मग कर. तू दोन्ही म्हणणार नाहीस याची खात्री आहे, म्हणून तुला लिहितोय.

तुझं काय ते घाईत लिहितो, रागावू नकोस. उन्हाळी कांदा निघाला का, आणि यंदा तरी चाळीत ठेवणार की पुन्हा घाबरून आठवड्यात विकून मोकळा होणार? रोहनला ऑटोमोबाइलला घालतोयस ते बरं केलंस. मला त्याचा नंबर पाठव, त्याला काही विचारायचं असेल तर थेट मला विचारू दे. माडीचं काम संपलं असेल. चैत्रातल्या यात्रेला यंदाही जमणार नाही, पण बारी लाइव्ह दाखव, इथे मध्यरात्र असली तरी उठतो.

आणि एक काम कर, हेच महत्त्वाचं. काकू माझ्याशी फोनवर नुसतं "जेवलास का" विचारतात, त्यांच्याकडून मला हे काढता येणार नाही. तू बसून विचार. तू पहिल्यांदा घोडीवर बसलास त्या दिवशी त्या घाटावर आल्या नव्हत्या, घरीच होत्या. दिवसभर त्यांनी काय केलं, आबा रात्री घरी आल्यावर त्यांना काय बोलल्या, आणि ते बोलणं नंतर कधी मिटलं का. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिही, त्यात तुझं काही घालू नकोस. मंजिरीला वाचून दाखवणार आहे. फॉर्म महिनाअखेरपर्यंत द्यायचाय, पहिली शर्यत एप्रिलमध्ये आहे, तेव्हा पत्राची वाट न बघता फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाक.

तुझा,
विज्या