दगड परत ठेवला होता का

संज्या,

चार महिने फोन नाही, मेसेज नाही, तुझा बर्थडेही विसरलो, सॉरी यार. आई बरी आहे, गुडघा तसाच. आज लिहितोय कारण घरी सांगितलं तर म्हणतील एका गोगलगायीचं काय एवढं.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या ओहोटीला ओमीला घेऊन हाजी अलीला गेलो होतो, आपल्या त्याच खळग्यापाशी, आता बाजूला कोस्टल रोड दिसतो. एक दगड उलटला आणि खाली ती! शंख नसलेली, बोटाच्या पेराएवढी, पुढे दोन शिंगं, मागे पाठीवर कल्ल्यांचा तुरा, अगदी तुझ्या लग्नातल्या फेट्यासारखा (तो फेटा मीच बांधलेला, विसरू नकोस). ओमीची सावली पडली तसा तिने तुरा सर्रकन आत ओढला. मी पाहिली ती कुठली जात ते नाही सांगता येणार, फोटो हललाय, पण यातल्या एका जातीला विंकवर्थ नावाच्या अभ्यासकाने १९४६ साली आपल्या मुंबईचंच नाव दिलंय, बॉम्बेयाना, हे ओमीला सांगितलं तर केवढा खूश झाला.

आणि तिच्या बाजूलाच अंडी होती रे. पांढरी रिबन गुंडाळून ठेवावी तशी, दगडाला चिकटवलेली. तेवढ्यात ओमीचा पाय घसरला, ढोपर फुटलं, मी त्याला उचलून धावलो, आणि तो दगड मी परत ठेवला की नाही हेच आठवत नाहीये. तीन रात्री तेच डोक्यात. त्याच दगडाला खालून स्पंज होता, तेच तिचं खाणं, त्यातलंच विष अंगात साठवते म्हणून एवढी भडक असून मासे वाट्याला जात नाहीत, पण उन्हापुढे विष काय करणार? दगड उलटाच राहिला असेल तर स्पंजही वाळला, अंडीही.

नववीत याच गोष्टीवरून तू आठवडाभर बोलला नव्हतास. मी म्हणालो होतो, दगडच आहे ना, समुद्रात काय कमी आहेत. तेव्हा तुझं बरोबर होतं, आज लेखी देतो.

परवा एकटा जाऊन आलो, ओहोटीची वेळ चुकली, खळगा पाण्याखाली.

नवीन जॉब कसाय? सईची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार सांग. अमावास्येला पाणी परत तेवढंच आत जाईल, आदल्या रात्रीची शेवटची शिवनेरी पकड. तो दगड तू बरोबर ओळखशील.

तुझा,
बाळ्या