मजेत

प्रिय विन्या,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी भानगड आहे, हे तुला पाकीट बघूनच कळलं असेल. आहे. तेव्हा आधी तीच सांगून टाकतो. मला कॅन्सर झालाय. हॉजकिन लिम्फोमा नावाचा, म्हणजे लसिकाग्रंथींचा. बऱ्या होणाऱ्यांपैकी आहे, येत्या सोमवारी केमो सुरू होतेय. हे मला कळून आज एकोणीस दिवस झाले. त्या एकोणीस दिवसांत आपण दोनदा फोनवर बोललो आणि दोन्ही वेळा तू "कसा आहेस?" विचारल्यावर मी म्हणालो, "मजेत." तेव्हा हे पत्र आजाराबद्दल कमी आणि त्या "मजेत"बद्दल जास्त आहे.

गंमत म्हणजे गाठ सापडली तेव्हा तू हजर होतास. आठवतंय, तू तुझ्या बाथरूमच्या गळतीचं रामायण सांगत होतास? खालच्यांच्या छताला ओल आली, प्लंबर आला आणि त्याने भलतीच भिंत फोडली, इथपर्यंत आलो होतो. मी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून शर्टाला इस्त्री करत होतो. मान अवघडली म्हणून चोळायला हात नेला, तर डाव्या कॉलरबोनच्या वर बोटाला काहीतरी लागलं. खोडरबरासारखं. दुखत नव्हतं, म्हणून आणखी दाबून पाहिलं. मग "दारात कुणीतरी आलंय" म्हणून तुझा फोन ठेवला. दारात कुणी नव्हतं.

दुखत नव्हतं हे मला तेव्हा चांगलं लक्षण वाटलं. आता कळतं की या आजारातल्या गाठी बहुतेकदा दुखतच नाहीत. आपण मात्र लहानपणापासून दुखतं त्यालाच आजार म्हणत आलो.

डॉक्टरांनी आधी दहा दिवस अँटिबायोटिक दिलं. काही फरक नाही. मग सुई टाकून तपासणी. रिपोर्टमध्ये "रिअ‍ॅक्टिव्ह" असं लिहून आलं, म्हणजे कुठल्यातरी संसर्गामुळे सुजलेली साधी गाठ. त्या रात्री तुझी वहिनी आणि मी इतके हलके झालो की काय सांगू. तीन आठवड्यांनी गाठीला शेजारीण आली. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की आता सुईवर विसंबून चालणार नाही, अख्खी गाठ काढून बघू.

पहिल्यांदा चुकलं कसं, हे मी त्यांना जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं, आणि ते ऐकून मला राग धरता येईना. या गाठीत खऱ्या कॅन्सरच्या पेशी जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतात. बाकी सगळी जमलेली गर्दी. आपल्याच शरीराच्या चांगल्या, पांढऱ्या पेशी तिथे गोळा होऊन बसलेल्या. सुईच्या टोकात गर्दीतले चार जण येतात आणि गुन्हेगार मागे राहतो. तो ओळखायचा तर अख्खी गाठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. मोठी पेशी, दोन केंद्रकं, घुबडाने टक लावून बघावं तशी. पुढे ज्या ज्या नातेवाइकांना कळलं ते सगळे घरी येऊन बसले, तेव्हा मला ही एक टक्क्याची गोष्ट फार पटली.

रिपोर्ट मी एकट्याने वाचला. डॉक्टरांची वेळ संध्याकाळची होती, पण दुपारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये असताना तो मोबाइलवर येऊन पडला. उघडायचा नाही असं तुझ्या वहिनीला वचन दिलं होतं. उघडला. "सीडी ३० पॉझिटिव्ह, सीडी १५ पॉझिटिव्ह" अशा ओळी होत्या (या कॅन्सरच्या पेशींवरच्या खुणा, हे नंतर कळलं), आणि खरं सांगतो, "पॉझिटिव्ह" वाचून अर्धा क्षण मला बरं वाटलं. मग खालची ओळ वाचली. माझा मजला आला, दार उघडलं, बंद झालं, आणि मी लिफ्टबरोबर परत खाली गेलो. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी एका बाईंनी विचारलं, "कुठे जायचंय तुम्हाला?" मला उत्तर सुचेना.

संध्याकाळी डॉक्टर "लिम्फोमा" म्हणत राहिले, "आजार" म्हणत राहिले. शेवटी तुझ्या वहिनीनेच विचारलं, "म्हणजे कॅन्सरच ना?" ते म्हणाले, "हो." त्यानंतर पाचेक मिनिटं ते बरंच काही बोलले. आम्हा दोघांनाही त्यातलं काही आठवत नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला ती वही घेऊन आली. आता त्या वहीत तारखा आहेत, प्रश्न आहेत आणि एका पानावर तिने रागारागाने काढलेल्या नुसत्या रेघोट्या आहेत. त्या पानाबद्दल मी तिला अजून विचारलेलं नाही.

मग पेट स्कॅन. किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. भुकेलेल्या पेशी ती साखर ओढून घेतात आणि पडद्यावर चमकतात. सहा तास उपाशी जायचं, इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं, बोलायचंही नाही, कारण बोललं की जबड्याचे, घशाचे स्नायू साखर खातात आणि चित्र बिघडतं. त्या फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे तेवढ्या वेळाने त्याचा किरणोत्सर्ग निम्म्यावर येतो, त्यामुळे काही तास लहान मुलांच्या फार जवळ जायचं नसतं. लेक त्या रात्री खोलीच्या दारात उभी राहून मला गुड नाइट म्हणाली. बाकी, माझा मेंदू पडद्यावर लखलखत होता. तुझा विश्वास बसणार नाही म्हणून मुद्दाम सांगतोय. (सगळ्यांचाच लखलखतो, असं नंतर कळलं.)

मानेत आणि छातीत, दोन फुप्फुसांच्या मध्ये, अशा दोन ठिकाणी आहे. दोन्ही जागा श्वासपटलाच्या वर, म्हणून दुसरी स्टेज. ताप नाही, रात्रीचा घाम नाही, वजन घटलेलं नाही, म्हणून "दोन ए". ज्याच्या नावाचा हा आजार, त्या थॉमस हॉजकिनने १८३२ साली लंडनमध्ये याबद्दल पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा त्याच्या हातात रुग्णांसाठी काहीही नव्हतं. आज बहुतेक जण पूर्ण बरे होतात. हे मी स्वतःला दिवसातून पाच-सहा वेळा सांगतो. सकाळी पटतं. पहाटे तीनला पटत नाही.

पण लोकांनी "हा चांगला कॅन्सर आहे" म्हटलं की माझं डोकं फिरतं. आतापर्यंत चौघांनी म्हटलंय. मी मान डोलावतो, जणू मीच तो निवडून आणलाय. हे वाक्य तू तरी म्हणू नकोस. "काही होत नाही रे" हेही नको. आणि कुणाच्या कुणाला कसल्याशा रसाने बरं वाटलं, ते तर अजिबात नको.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

पहिल्या फोनच्या वेळी मी सांगणारच होतो. मनात वाक्य तयार होतं. तू तुझ्या बॉसच्या नव्या विगची गोष्ट काढलीस आणि ते वाक्य मागे राहिलं. ते लपवणं नव्हतं, राहून गेलं. दुसऱ्या फोनच्या वेळी मात्र मी मुद्दामच बोललो नाही. त्या दिवशी आपण वीस-बावीस मिनिटं बोललो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्या सगळ्या वेळात मला कॅन्सरची आठवणच झाली नव्हती. घरात ते शक्य नव्हतं. घरी तुझी वहिनी मी खोकलो तरी मान वर करते. आई देवघरातून उठतच नाही. ऑफिसात लोक माझ्याशी आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तशा आवाजात बोलतात. जगात तू एकटाच असा होतास की ज्याच्यासाठी मी अजून आधीचा मी होतो. शिव्या खाणारा, उधारी विसरणारा. तुला सांगितलं की तीही जागा जाणार. म्हणून मी तुला न सांगता ठेवलं. सरळ सांगायचं तर मी तुझा वापर केला, विन्या. तुला न विचारता.

आणि त्याबद्दल मला पुरेसं वाईटही वाटत नाहीये. पण तुला नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तू काय केलं असतंस, हे मला माहीत आहे. दहावीच्या निकालाच्या वेळी तू माझ्याशी चार महिने बोलला नव्हतास, तेही यापेक्षा खूप लहान गोष्टीवरून.

लेकीला सांगितलंय. गाठ आहे, औषध आहे, केस जातील, परत येतील. तिने एकच विचारलं, "भुवया पण?" मी डॉक्टरांना विचारलं. विरळ होतील म्हणाले. तेव्हापासून ती माझी चित्रं काढते, वेगवेगळ्या भुवयांची.

औषधं चार आहेत. १९७० च्या दशकात मिलानच्या जियानी बोनाडोना यांनी जुळवलेली ही चौकडी अजून चालते. त्यातलं एक लालभडक, ते दिलं की लघवीलाही लाल रंग येतो, घाबरायचं नाही म्हणाले. दुसऱ्याला उजेड सोसत नाही, म्हणून त्याची पिशवी झाकून लावतात. आणि तिसरं, विनब्लास्टिन, कशातून निघालं माहीत आहे? सदाफुलीतून! मधुमेहावर उपयोग होईल म्हणून त्या झाडाची पानं जमैकाहून कॅनडाला गेली होती. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी अर्क काढून प्राण्यांवर पाहिलं, तर साखर जागच्या जागी आणि पांढऱ्या पेशी मात्र धडाधड घटलेल्या. त्यातून १९५८ च्या सुमाराला हे औषध हाती आलं. तुझ्या जिन्यातल्या कुंडीत सदाफुली आहे ना, जिला तू कधी पाणी घालत नाहीस आणि तरी ती मरत नाही? तिला जरा पाणी घाल.

दर चौदा दिवसांनी एक डोस. चार डोस झाले की पुन्हा पेट स्कॅन, मग पुढचं ठरेल. पहिल्या सोमवारी येऊ नकोस. त्या दिवशी तुझी वहिनी, तिचा भाऊ, वही, सगळी फौज असेल. तू दुसऱ्या डोसला ये. चार-पाच तास सलाईन चालतं. त्या दिवशी तिला घरी ठेवू, तिला झोपेची गरज आहे, माझ्याहून जास्त. मला कदाचित मळमळेल, कदाचित मी झोपून जाईन, तर खुशाल तुझं काम करत बस. धीर द्यायचा नाही. डोळ्यांत पाणी आलंच तर बाहेर जाऊन चहा पिऊन ये.

आणि त्या प्लंबरचं पुढे काय झालं? भलती भिंत फोडल्यावर मी फोन ठेवला होता. नंतरच्या दोन्ही फोनमध्ये तू ते सांगितलं नाहीस आणि मला विचारायचा धीर झाला नाही. ती गोष्ट पत्रात लिहू नकोस. ये तेव्हा सांग, पहिल्यापासून.

तुझा,
सुध्या